आखाजीला कोणती गाडी न्यायची

मंगळवार, संध्याकाळ. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, जवळ आली.

आज शोरूममध्ये टेप घेऊनच गेलो. सेल्समन हसला, हसू दे. पंपाच्या जळालेल्या मोटारी खोलून खोलून त्यांत तारा भरायचं वायंडिंग शिकलेला माणूस मी, छापील आकड्यांवर विश्वास ठेवत नाही. इलेक्ट्रिक कारची डिकी मोजली. बोअरची मोटार पंपासकट मावत नाही. इलेक्ट्रिक व्हॅनमध्ये मावते, वर तारेची बंडलंही बसतात. म्हणजे व्हॅनच. फक्त तिला मागची सीट नाही.

घरी बायको म्हणाली, "बठ्ठ मोजं तुम्ही, पण पोर कोठे बसी?"

खरंच, सगळं मोजलं, पोरीची जागा तेवढी राहिली. लग्नानंतरची आमच्या सीमाची पहिली आखाजी. तिला धुळ्याहून माहेरी आणायला मी जाणार. "पुढे माझ्या शेजारी बसेल," म्हणालो खरा, पण मलाच पटलं नाही. का? मागच्या सीटवर कोण बसणार होतं? कोणीच नाही. खरं लिहायचं तर ती सीट मला व्याह्यांना दाखवायची होती. मालाच्या गाडीतून लेक नेली, असं त्यांनी म्हणू नये.

शेवटी सीमालाच फोन लावला. ती हसायलाच लागली. "आप्पा, व्हॅनच घ्या. इथं मळ्यातली मोटार जळालीय. सासरे कोणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, तुझे वडील येतील तेव्हा त्यांच्याकडेच द्यायची."

व्याही असं म्हणाले? पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

उद्या व्हॅन बुक करतो. मागे मोटार बांधायला जाड पट्टे लागतील. ब्रेक मारला तर ती सरकून लेकीच्या सीटला लागता कामा नये.