वीतभर दगडाचं भांडण

दि. ४ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही. गुडघा कसा आहे? आजीनं जिना चढायला बंदी केली आहे ना, की अजून चोरून गच्चीवर जाता?

आता मुद्दा. तुमच्या जुन्या खाणीतले दगड झालेले शिंपले मी तळापासून वरपर्यंत, बोटाबोटाच्या अंतरानं काढले. खालच्या अख्ख्या कड्यात शिंपला गुळगुळीतच आहे, तसूभर बदललेला नाही. मग एका वीतभर तांबड्या थरात त्याच्या पाठीवर कंगोरे उमटतात, आणि त्याच्या वर शेवटपर्यंत तो कंगोऱ्यांचाच राहतो, पुन्हा बदल नाही. तुमच्या पुस्तकातल्या त्या प्रसिद्ध चित्रात मात्र शिंपला हळूहळू, पायरीपायरीनं बदलतो. चित्रातले मूळ शिंपले मी संग्रहालयाच्या खणातून काढून पाहिले. मधल्या सगळ्या शिंपल्यांना तांबडी माती चिकटलेली आहे, म्हणजे ते सगळे त्या एकाच थरातले. कागदावर तुम्ही त्यांना सारख्या अंतरानं मांडलंत. दगडात ते एकमेकांना खेटून होते.

परिषदेत मी यावर निबंध वाचणार आहे. त्याच दिवशी तुमचा सत्कार आहे, म्हणून आमचे विभागप्रमुख, तुमचेच लाडके विद्यार्थी, म्हणाले की वर्षभर गप्प बस, म्हाताऱ्या माणसाचा हिरमोड कशाला करतेस. मी नाही बसणार. तुम्हाला परक्याकडून कळू नये म्हणून आधी लिहिलं. हवं तेवढं रागवा, माया मात्र पातळ करू नका.

तुमची
मुंगी

दि. ११ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

तुझं पत्र वाचून दुपारचं जेवण गेलं नाही. आजीला वाटलं, ताप आला. ते चित्र मी तुझ्या आईच्या जन्माआधी काढलं, त्यावर किती पोरं परीक्षा पास झाली, आणि तू खण उपसून त्याची माती तपासतेस! राग आला. लपवत नाही.

आता माझं ऐक. वीतभर दगड म्हणजे थोडा काळ, हे तुला कोणी सांगितलं? गाळ सावकाश साचला असेल तर त्या वीतभरात युगं मावतील. मग शिंपला हळूहळूच बदलला, आणि तू तोंडघशी पडलीस. दगड मोजू नकोस, काळ मोज. तेवढं जमत नसेल तर निबंध गुंडाळून ठेव.

आणि म्हातारा कोणाला म्हणतो तो? जिना मी रोज चढतो.

औषधं घेऊन भांडायला तयार,
आजोबा

दि. २ मार्च

ती. आजोबांस,
नमस्कार. धपाटा पोचला.

काळ मोजला. तांबड्या थराच्या लगेच खाली आणि लगेच वर ज्वालामुखीच्या राखेचा एकेक पट्टा आहे, आणि एक पार कड्याच्या तळाशी. तिन्हींचं वय प्रयोगशाळेनं काढून दिलं. शिंपला लाखो वर्षं ढिम्म राहिला, आणि बदलला तो फार तर काही हजार वर्षांत. गाळ सावकाश साचला हे तुमचं खरं निघालं, पण तुम्हाला हवा होता तितका सावकाश नाही. बाकीच्या प्राण्यांचं मी बोलत नाही, पण या शिंपल्याला तुमचं ‘हळूहळू’ लागू पडत नाही.

कार्यक्रमपत्रिका काल छापून आली. तीत माझं नाव नाही. प्रमुख म्हणाले की वेळच उरला नाही, सगळी दुपार तुमच्या भाषणाला दिली आहे. मी खूप रडले, मग तोंड धुतलं. त्या दिवशी सभागृहाच्या दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात निबंध ठेवीन. दारातून हाकललं तर रस्त्यावर उभी राहीन. तुम्हाला लाज वाटली तर वाटू दे.

भांडूनही तुमचीच,
मुंगी

दि. ९ मार्च

चि. मुंगीस आशीर्वाद.

रस्त्यावर उभं राहायचं नाही.

राखेचे आकडे मी पुन्हा पुन्हा तपासले. चूक सापडली नाही, याचं फार वाईट वाटलं. पण एक शंका उरते. कंगोरेवाला शिंपला दुसऱ्याच समुद्रात सावकाश घडून इथे आयता आला असेल, आणि तुझे अधलेमधले शिंपले म्हणजे जुन्या-नव्यांचा संकर असेल, तर?

तुझ्या प्रमुखांचा फोन आला होता. नातीची समजूत काढा म्हणाले. माझ्या नावानं तिचं तोंड बंद करायचा अधिकार मी कोणाला दिलेला नाही, असं मी त्यांना सुनावलं. तर म्हणे, पत्रिका छापून झाली, आता काही बदलता येणार नाही. बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

पत्रिकेत सगळी दुपार माझी आहे ना? मग तिचं काय करायचं ते मी ठरवीन. एका वाक्यात आभार मानीन आणि तुला व्यासपीठावर बोलावीन. शिंपले घेऊन ये, माझ्या चित्रातलेही आण. माझा मान राखायला आवाज खाली आणलास तर उठून जाईन.

मी पहिल्या रांगेत बसेन. तुझं बोलून झालं की पहिला हात माझा वर जाईल. संकराचा प्रश्न सगळ्यांसमोर विचारणार आहे, आणि नात म्हणून सोडणार नाही. उत्तर तयार ठेव.

तुझा, अजून न हरलेला,
आजोबा