मिस्सानंतरचा फोन

नंदाखाल,
सोमवार

प्रिय मेलरॉय,

हे पत्र आर्या तुझ्या हातात देईल. भावाच्या लग्नाला वाडीत आली होती, बुधवारी परत व्हँकूव्हरला निघते आहे. तिच्या बॅगेत मी घरच्या केळ्यांच्या सुकेळ्यांचा पुडा दिला आहे, तो आधी मागून घे, नाहीतर तीच संपवेल. हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहिता आलं असतं, पण तू वाचून अंगठा पाठवला असतास आणि माझं बोलणं तिथेच संपलं असतं. शाळेत तुला मराठी मीच शिकवलं, तेव्हा माझं अक्षर तुला लागायला हरकत नाही. जेनिफरला मात्र वाचायला लावू नकोस. ती वांद्र्याची, बिचारीला दोन ओळींत घाम फुटेल. तूच तिला वाचून दाखव.

तुझ्या बाबांची तब्येत बरी आहे. हे पहिल्यांदा सांगते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. मोतीबिंदू तेवढा वाढलाय. पावसाळ्यात म्हणतात उन्हाळ्यात ऑपरेशन करू, उन्हाळ्यात म्हणतात पाऊस जाऊ दे. केळीला पाणी अजून स्वतःच सोडतात. बावखलाचं तळं यंदा काठोकाठ भरलंय, त्यामुळे पाण्याची चिंता नाही. रस्त्यापलीकडे आणखी एक इमारत उठते आहे आणि तिची धूळ सगळी आपल्या केळीच्या पानांवर. मी बरी आहे, गुडघे सोडून.

आता मुद्द्याचं. तुझे बाबा गेल्या वर्षीच्या जूनपासून देवळात रविवारच्या मिस्साला येत नाहीत. तुला हे कोणी सांगितलं नसेल. ज्या माणसाने तीस वर्षं देवळाच्या सणाला पताका लावल्या, तो रविवारी सकाळी दार लोटून घरात बसतो. वाडीत लोकांनी त्याचा अर्थ लावून टाकला की, लुर्दिन गेली आणि ऑस्करचा देवावरचा विश्वास उडाला. मीही तेच धरून चालले. तुझी आई लुर्दिन माझी मैत्रीण, तुझ्या बाप्तिस्म्याला तुला हातात घेऊन मी उभी राहिलेली, आणि आपल्या दोन घरांत एक कुंपण. तरी मी काय केलं, तर त्यांच्यासाठी नोव्हेना म्हटली. नऊ दिवस देवाला विचारलं, त्यांना एकदाही विचारलं नाही.

ऑक्टोबरात आपल्या वाडीत मरियामातेची मूर्ती घरोघरी जाते, हे तू विसरला नसशील. लहानपणी उकडलेल्या चण्यांसाठी तू पुढच्या घरापर्यंत मिरवणुकीत चालायचास आणि रोझरीच्या वेळी झोपायचास. रीत अजून तीच. मूर्ती एका घरी एक दिवस राहते, संध्याकाळी सगळी वाडी तिथे रोझरी म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरची बाई मूर्ती उचलून पुढच्या घरच्या बाईच्या हातात देते. तुझी आई गेली त्या वर्षी तुमच्याकडे दुखवटा होता, म्हणून मूर्ती पुढे नेली. गेल्या वर्षी तुमच्या घरासमोर आल्यावर कोणीतरी म्हणालं, मूर्ती द्यायची कोणाच्या हातात, घरात बाई नाही, त्या माणसाला उगाच कशाला अवघडायचं. पटलं सगळ्यांना. यंदा तर कोणी तेवढंही बोललं नाही. पाय आपसूक पुढे गेले. यंदाही मूर्ती माझ्याच हातात होती, कारण तुमच्या आधीचं घर माझं. मी गाणं म्हणत तुमच्या दारावरून पुढे गेले. आत दिवा होता, तो मला दिसलाही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरलावहिनी कुंपणाशी आल्या. गुरुदत्तांच्या सरलावहिनी, ज्यांच्या वाडीतला सोनचाफा दरवर्षी मूर्तीला येतो. पैसे घेत नाहीत, आमच्याकडूनही असू दे म्हणतात. सहज विचारत होत्या, हार कसे झाले होते, ऑस्करभाऊंनी मुद्दाम दोन सांगितले होते, एक मूर्तीला आणि एक लुर्दिनताईंच्या फोटोला. गेल्या वर्षीही असेच दोन नेले म्हणाल्या. मी त्यांना हो हो, छान झाले होते, एवढंच म्हटलं. चहा तसाच ठेवून मी तुमच्या पायऱ्या चढले.

मेलरॉय, ओटा शेणाने नाही पण पाण्याने लख्ख धुतलेला होता. आत टेबलावर तुझ्या आईची ती विणलेली पांढरी चादर, नाताळला काढायची ती. दोन मेणबत्त्या, अर्ध्या जळालेल्या. फोटोला हार घातलेला आणि दुसरा हार ताटात तसाच. चणे कुठे आहेत हे मी विचारायच्या आत बाबा म्हणाले, कोंबड्यांना घातले, आंबले असते. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागितली तर म्हणाले, बर्था, तुमचं बरोबर आहे, बाईमाणूस नाही घरात. मला तिथेच रडू आलं आणि त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

त्या संध्याकाळी आम्ही मूर्ती पुढच्या घरून मागे आणली. एकदोघांनी कुरकुर केली की क्रम मोडतो, मूर्ती उलटी कधी फिरत नाही. मी म्हटलं, चुकलेलं माणूस उलटंच फिरतं, चला. बाबा फाटकात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मी मूर्ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती छातीशी धरली आणि आत नेताना उंबरा दिसत नाही म्हणून पायाने चाचपला. शेवटचे दहा मणी त्यांनीच सांगितले. आवाज अजून खणखणीत आहे. चणे पुन्हा उकडले होते, मीठ जास्त झालं होतं, तरी सगळे संपले.

सगळे गेल्यावर मी थांबले आणि जे दीड वर्षापूर्वी विचारायचं ते तेव्हा विचारलं, की मिस्साला का येत नाही. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलते आहे. म्हणाले, रविवारी सकाळी मेलरॉयचा फोन येतो ना.

गेल्या वर्षी जूनमध्ये तुला बाळ झालं तेव्हा तू व्हिडिओ कॉल केलास, तो रविवार होता आणि ते मिस्साला गेले होते. फोन घरी टेबलावर, कारण तू बसवून दिलेल्या त्या वायफायच्या डब्याशिवाय तुझा चेहरा दिसत नाही हे तूच त्यांना शिकवलंस, आणि देवळात फोन आणू नका असं फादर दर रविवारी सांगतात. दोन्ही त्यांनी ऐकलं. नात झाल्याचं त्यांना मिस्साहून परतताना आर्याच्या आईने रस्त्यात सांगितलं, तोवर वाडीत सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून रविवारची सकाळ त्यांनी तुझ्या नावाने ठेवली आहे. संध्याकाळच्या मिस्साला जा म्हटलं तर अंधारात रस्ता दिसत नाही. तुम्हीच फोन करा म्हटलं तर म्हणतात, तो कामावर असतो नाहीतर झोपेत, मुलांना त्रास कशाला. तुझा फोन महिन्यातून एखादा येतो, कधी रविवारी सकाळी, कधी दुपारी, कधी मंगळवारी. हे मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे. तरी बसतात.

तुला टोचायला हे लिहीत नाही. तुझं लहान मूल, जेनिफरच्या रात्रपाळ्या, ते परकं गाव. माझी मुलं मीरा रोडला असून मला दिवाळीच्या सुट्टीत भेटतात, तेव्हा मी कोणत्या तोंडाने बोलू. मला राग आला तो आमचाच. एवढी वाडी, आठवड्याला प्रार्थनासभा, आजाऱ्यांच्या भेटी, आणि शेजारचा माणूस कुठे हरवला हे आम्ही शोधलं नाही, वरून त्याच्या श्रद्धेची काळजी केली.

मग मी त्यांना म्हटलं, येत्या रविवारी तुम्ही मिस्साला जा, फोनपाशी मी बसते. आधी नको म्हणाले. मग म्हणाले, हिरवं बटण वर सरकवायचं, दाबायचं नाही. दोनदा माझ्याकडून करून घेतलं. काल सकाळी तयार होऊन निघाले, आर्याच्या वडिलांनी हाताला धरून नेलं. मी बाबांच्या खुर्चीत बसले. फोन तुझ्या आईच्या फोटोला टेकवून ठेवलेला, म्हणजे तू बोलताना तिलाही दिसतोस, असं ते म्हणाले होते. खिडकीतून देवळातलं गाणं ऐकू येत होतं. मी माळ हातात घेतली, पण डोळे त्या काळ्या काचेवरून हलेनात. एकदा वाजला. कुठल्याशा कंपनीची बाई कर्ज हवं का विचारत होती, तिला मी चांगलं सुनावलं. एवढ्याशा वेळात माझी ही गत, आणि तो माणूस दीड वर्ष दर रविवारी तिथे बसतो आहे.

मिस्सा सुटली. ते चौघांपाचांच्या घोळक्यातून आले, कोणाशी तरी हसत. देवळात त्यांना त्यांच्या जुन्या बाकावर जागा करून दिली होती म्हणे. असं हसताना मी त्यांना लुर्दिन गेल्यापासून पाहिलं नव्हतं. फाटक उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, आला होता का.

मी हो म्हटलं, मेलरॉय. म्हटलं, आला होता, बाळ झोपेला आलं होतं म्हणून लवकर ठेवला, बाबा मिस्साला गेलेत ऐकून त्याला फार बरं वाटलं. आणि थांबता आलं नाही म्हणून पुढेही सांगितलं, की यापुढे तो मिस्सा सुटल्यावरच करणार आहे, दर रविवारी. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि म्हणाले, मग झालं तर. संध्याकाळी मी मिस्साला गेले, पापांची कबुली द्यायला फादरांसमोरच्या रांगेतही उभी राहिले, आणि माझी पाळी यायच्या आधी बाहेर पडले. कारण ते खोटं होतं की नुसतं आगाऊ सांगितलेलं होतं, हे आता माझ्या हातात राहिलेलं नाही. आर्या तुला शुक्रवारपर्यंत भेटेल. मी रविवारपर्यंत थांबते.

तुला बाप्तिस्म्याला हातात धरलेली, तुझीच
बर्थामावशी