डुक्कर आडवं आलं

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळेत गेले. नेहमीसारखी. नववीला प्रकाशाचं परावर्तन शिकवलं. फळ्यावर आकृती काढली — रेघ सरळ आली.

गाडी ठाण्यात आहे. समोरची काच फुटलेली. नवऱ्याला, हेरंबला, काल चौकशी करून सोडलं.

दवाखान्यात विचारलं — तो माणूस अजून शुद्धीवर नाही. नाव डोमाजी. वय अठ्ठावन्न. तलमडुगूच्या अलीकडचं गाव.

“डुक्कर आडवं आलं.” हे हेरंब पहिल्यांदा बोलला ते तिथेच, रस्त्यावर. लोक जमले होते त्यांना. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

एवढंच केलं मी. मान हलवली.

११ नोव्हेंबर

कुठेतरी खरं लिहिलेलं असावं, म्हणून लिहिते.

रविवारी शाळेतल्या शीतल मॅडमच्या बाळाचं बारसं होतं. जेवून परत निघालो. पाच वाजून गेले होते. ऊन पाठीमागून होतं, डोळ्यांवर नव्हतं. रस्ता सरळ. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वेग साठ. हेरंब जोरात चालवत नाही कधी. त्याचा फोन खिशात होता. गाडीत तो फोन काढत नाही — कॉलेजातल्या पोरांना दर वर्षी त्यावर भाषण देतो!

फोन माझ्या हातात होता.

स्वरानं हैदराबादहून एक बातमी पाठवली होती. नवा चष्मा निघालाय, त्याच्या काचेवरच मेसेज दिसतात, नकाशा दिसतो, मान खाली घालायला नको. खाली लिहिलं होतं — पप्पांना दाखव, वेडे होतील. हेरंबला असल्या वस्तूंचं फार. नवा फोन आला की घ्यायचा नसला तरी सगळे व्हिडिओ पाहतो.

मी वाचून दाखवलं. तेवढ्यावर थांबायचं ना! “अरे, बघ तरी कसा दिसतो,” म्हटलं आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

त्यानं पाहिलं. हसला. “मस्त आहे गं,” म्हणाला.

मग आवाज. मग काचेवर कापूस. सगळं पांढरं.

तो माणूस डाव्या कडेनं सायकल ढकलत चालला होता. मागं कापसाचं गाठोडं. आपल्या बाजूनं, अगदी कडेनं. डुक्कर नव्हतं. कुत्रंसुद्धा नव्हतं रस्त्यावर.

साठच्या वेगानं एका सेकंदाला साधारण सतरा मीटर. दोन सेकंद — तेहतीस मीटर. आमच्या शाळेचं मैदान जवळपास तेवढंच रुंद आहे. आज मधल्या सुट्टीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिलं. बराच वेळ लागतो.

१३ नोव्हेंबर

डोमाजी गेले. दुपारी तीनला.

हेरंबनं सांगितलं आणि आंघोळीला गेला. सकाळी केली होती त्यानं. मी भाकरी टाकल्या. तव्यावरची एक करपली, ती मी खाल्ली.

१४ नोव्हेंबर

बालदिन. मुलांनी नाच केला. टाळ्या वाजवल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुधाकरराव आले होते सकाळी. हेरंबचे मामेभाऊ, वकील. म्हणाले, “डुक्कर म्हणून सांगितलंय ना? मग डुक्करच. दोघांचं एक राहू द्या. या भागात रोज डुकरं आडवी येतात, कोण खोटं म्हणतंय!” मग माझ्याकडे वळून, “वहिनी, तुम्हाला काहीच नाही. तुम्ही तर नुसत्या बाजूला बसल्या होत्या.”

नुसत्या बाजूला बसल्या होत्या. हे वाक्य आठवडाभर सगळ्यांकडून ऐकतेय. शीतल मॅडम तेच म्हणाल्या. शेजारचे तेच म्हणाले.

दुपारी दोघं डोमाजींच्या गावाला गेलो. रिक्षानं. हेरंब अंगणातच उभा राहिला. मी आत गेले. त्यांची बायको, वच्छलाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहिलं आणि पहिलं काय विचारलं —

“बाई, तुमाले लागलं का कुठं?”

मी नाही म्हटलं.

“डुक्कर एकदम घुसलं असन. तुमी तरी काय करसान.” मग, “दोन साल झाले, जवारी हाती लागू देत नाई. आता मानूसबी नेलं.”

मुलगा, राजकुमार, चौकटीला टेकून उभा होता. तिशीचा असेल. डुक्कर म्हटलं की त्याचा जबडा आवळायचा, तेवढं दिसलं.

चहा दिला. आम्ही प्यालो!

१८ नोव्हेंबर

स्वराचा फोन. अपघाताचं तिला डुकराचंच सांगितलंय. आज इकडचं तिकडचं बोलली, परीक्षेचं बोलली. मग म्हणाली, “मम्मी, तो चष्मा पप्पांना दाखवला होता का गं तू? राहूनच गेलं विचारायचं.”

म्हटलं, दाखवला.

“आवडला?”

म्हटलं, हो. आवडला.

२० नोव्हेंबर

जबाब झाला. जमादारानं आधीच लिहून ठेवला होता, तेलुगूत; इकडचं सरकारी लिखाण सगळं तेलुगूतच. मला हिंदीत वाचून दाखवला. जंगली सुअर अचानक सामने आया. “मॅडम, आप तो बाजू में बैठे थे. साइन कर दो.”

सही केली. पेन चालत नव्हतं. दोनदा झटकून परत केली.

२५ नोव्हेंबर

तेरवी. गेलो दोघं. जेवलो.

पंगत उठल्यावर राजकुमार हेरंबला म्हणाला, “सर, या, तुमाले दाखवतो.” घरामागंच त्यांचं वावर. धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं, बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या, गुडघ्याच्या खाली उघडी तार, चारी बाजूंनी. विजेच्या खांबावरून आकडा टाकलेला.

“रात झाली का करंट सोडतो. आता एक बी डुक्कर जितं सोडत नाई. बापाचं नाव घेऊन लावली सर ही तार.”

हेरंब तारेकडे पाहत राहिला. मी हेरंबकडे. तो म्हणाला, “बरं.” बरं म्हणाला! मी विज्ञान शिकवते. ओल्या जमिनीत उघड्या तारेनं काय होतं ते दर वर्षी शिकवते. माझ्या तोंडून तर तेवढंही निघालं नाही.

निघताना सुनेनं, रूपालीनं, माझा नंबर घेतला. का ते सांगितलं नाही.

घरी आल्यावर हेरंबला म्हटलं, खरं सांगून टाकू.

“कोणतं खरं?”

“डुक्कर नव्हतं.”

बूट काढत होता. एकच काढून तसाच बसला. म्हणाला, “विनोदिनी, तू फोन दाखवलास हे मी कुणालाही सांगितलं नाही. सुधाकरदादालासुद्धा नाही. मरेपर्यंत सांगणार नाही.”

प्रेमानं म्हणाला. मला ते ओझं डोक्यावर ठेवल्यासारखं लागलं. त्यालाही तसंच लागत असेल का? विचारलं नाही.

२७ नोव्हेंबर

काही नाही. थंडी.

२८ नोव्हेंबर

चौथ्या तासाला रूपालीचा फोन. वर्गाबाहेर येऊन घेतला.

“मॅडम, शेजारच्याचं वासरू गेलं तारेले चिकटून. सकाळी पायलं तं तसंच पडून होतं. मी म्हनतो काढा ती तार, तं आयकत नाई. माझ्या दोन पोरी त्याच धुऱ्यावरून शाळेत जाते. करंट बंद करायचं इसरला एखांद्या दिवशी, तं?” रडत नव्हती. भराभरा बोलत होती. “तुमी शिकवता. तुमचं आयकन तो. तुमी सांगा ना त्याले.”

येते म्हटलं. रविवारी.

वर्गाकडे परत आले. मुलं माझ्याकडे पाहत होती. एकानं विचारलं, “मॅडम, काऊन उभ्या राह्यल्या?” मी दारातच उभी होते म्हणे बराच वेळ.

हेरंबला सांगितलं. वासराचं. पोरींचं. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला, पण बंद नाही केला.

“वायरचं काय ते सांग. धोका आहे, गुन्हा आहे, असं सांग. बाकीचं कशाला?”

“तो विचारेल, मग डुकरांचं काय करू?”

त्यानं टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला.

३० नोव्हेंबर, रविवार

एकटी गेले. बसनं. हेरंब झोपला होता, किंवा तसा पडला होता.

तिघंही घरी होती. पोरी अंगणात. राजकुमारनं खाट टाकली. मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता.

म्हटलं, “राजकुमार, ती तार काढ. डुक्कर नव्हतं.”

त्याला कळलं नाही. “कोनतं डुक्कर?”

“त्या दिवशी. रस्त्यावर काहीच आडवं आलं नाही. तुझे वडील कडेनं चालले होते. मी सरांच्या समोर फोन धरला. बघ म्हटलं. त्यांनी पाहिलं. तेवढ्यात झालं.”

एवढीशी वाक्यं. एकवीस दिवस लागले.

रूपालीनं पोरींना आत नेलं. राजकुमार माझ्याकडे नुसता पाहत राहिला. वाटलं मारेल. मारलं असतं तर चाललं असतं. त्यानं विचारलं, “फोनात काय होतं?”

“चष्मा. नवीन निघालेला.”

“चष्मा,” तो म्हणाला. मग उठला आणि वावराकडे गेला. लाकडानं खांबावरचा आकडा पाडला. एकेक खुंटी उपटायला लागला. हात सोलून निघत होते, रूपाली थांब म्हणत होती, तो थांबला नाही. चारी बाजूंची काढली. मधेच खाली बसला आणि मोठ्यानं रडला. बापाचं मरण त्याला आज परत कळलं.

वच्छलाबाई दाराशीच बसल्या होत्या. मी पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले.

“तेरवीले जेवून गेल्या तुमी,” म्हणाल्या. “माझ्या हातचं.”

मग, “जा आता. बस येईन.”

१ डिसेंबर

हेरंबला सगळं सांगितलं. कॉलेजला गेला नाही. दिवसभर गॅलरीत.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी रूपालीचा फोन — “आमी ठान्यात चाललो. सासूबाई म्हंते, मॅडमनं आमाले सांगतलं ते साहेबासमोर बी सांगावं. येता का?” येते म्हटलं. हेरंब दारात उभा होता, ऐकत. पायात चप्पल घातली. “मीही येतो.”

साहेबांनी हिंदीत विचारलं, फोन कुणाच्या हातात होता? माझ्या, म्हटलं. हेरंब म्हणाला, “साब, हाथ इनका था. आँखें मेरी थीं. गाडी मैं चला रहा था.” वच्छलाबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच.

त्याला ठेवून घेतलं. उद्या कोर्टात नेणार.

एकटी घरी आले. स्वराला फोन लावलाय. वाजतोय.