घुबड पत्ते हलवतं

३ फेब्रुवारी, दुपारी दोन
वहीबाई, इतक्या उशिरा लिहितोय, माफी असावी. पंधरा दिवस पानाला हात लावला नाही. कारण अभ्यास. मुलगा-सून कामावर, नात चिमणी शाळेत, घरात मी आणि चिमणीचा कॉम्प्युटर. त्यात मुलांच्या शैक्षणिक खेळांची वेबसाइट आहे, तिच्या नावाने आपोआप उघडते. पडद्यावरचं घुबड म्हणतं, ये चिमणी, खेळू या! माझी सातवी अर्धी राहिली होती. आता पुरी करून टाकतो.
घरात बोललो नाही. या वयात हसं कशाला करून घ्या?

५ फेब्रुवारी
बेरजेचे फुगे: उत्तम. शब्दांचा डोंगर: बरा. ‘जोड्या लाव’मध्ये वीस पत्ते. घुबड एकदाच उताणे करून दाखवतं, मग पालथ्यातून जोड्या शोधायच्या. मला काय त्याचं! चाळीस वर्षं गोदामात काढली. कुठला खोका कुठल्या फळीवर, डोळे मिटून सांगायचो. मालक मला ‘चालतं रजिस्टर’ म्हणायचे.
आज दहापैकी सात. चष्मा पुसायला हवा.
संकल्प: महिनाअखेर दहापैकी दहा.

९ फेब्रुवारी
सहा. खुर्ची बुटकी आहे.
कोपऱ्यात हिरवं बटण दिसलं, ‘पालक’. भाज्यांचा खेळ असेल म्हणून दाबलं. कसली भाजी! जन्मसाल विचारलं. खरं ते टाकलं. घुबड म्हणालं, धन्यवाद पालक, दर आठवड्याला प्रगतीचा रिपोर्ट पाठवू का? प्रगतीला नाही कोण म्हणेल?

१६ फेब्रुवारी
रिपोर्ट सूनबाईच्या फोनवर गेला. जेवताना तिने वाचून दाखवला. गणित ठीक. ‘लक्षात ठेवणे: घसरण.’ चिमणीला म्हणाली, काय गं, ध्यान कुठे असतं तुझं? चिमणी माझ्याकडे बघत राहिली. मी वाटीत बघितलं.
सांगून उगाच घोळ वाढेल. त्यापेक्षा मार्क वाढवतो, म्हणजे साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

१९ फेब्रुवारी
चार. पण लबाडी सापडली! पालथे केल्यावर घुबड पत्ते हलवतं. छत्री तिसऱ्या रांगेत होती, याच डोळ्यांनी बघितली. तिथे बेडूक निघाला.
दूध पुन्हा करपलं. शेगडीचं बटण सैल झालंय. या घरात एक वस्तू धड नाही.

२३ फेब्रुवारी
दोन. आणि दुसरा रिपोर्ट: ‘सतत घसरण. तज्ज्ञांना दाखवावे.’ सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. शाळेच्या बाई फोनवर म्हणाल्या, वर्गात तसं काही जाणवत नाही, पण दाखवून घ्या, वेळ पडली तर एक वर्ष मागे ठेवू. पोरीचं वर्ष! माझ्यापायी? छे, घुबडापायी. तरी उद्या सकाळी चहाच्या वेळी सगळं कबूल करायचं. शंभर टक्के.

२४ फेब्रुवारी
चहाच्या वेळी काहीतरी महत्त्वाचं सांगायचं होतं. काय ते दुपारी ही वही उघडल्यावर कळलं. उद्या नक्की.

२७ फेब्रुवारी
शुक्रवार. चिमणीला दाखवायला सगळेच गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढे खरेखुरे पत्ते मांडले. पठ्ठीने दहाच्या दहा जोड्या लावल्या. मग कॉम्प्युटरवर आणखी कोण खेळतं, असं विचारलं. आई ओरडली, अगं बोल ना! तेव्हा चिमणी हळूच म्हणाली, आजोबा. एकदा शाळा लवकर सुटली तेव्हा मी दारातून बघितलं. छत्री त्यांच्यासमोर उताणी होती, आणि ते छत्रीच शोधत होते. आई त्यांना इथे आणेल म्हणून मी नाही सांगितलं.
मला वाटलं, आता सगळे हसणार. मी आधीच थोडा हसलो. कुणीच हसलं नाही.
डॉक्टरीणबाईंनी सोमवारची वेळ दिली, मला. गोदामातल्या आठवणी ऐकायच्या असतील.

१ मार्च, दुपार
मुलगा घरीच आहे. रविवार म्हणून, म्हणतो. शेगडीची नळी काढून ठेवलीय. चिमणी शेजारी बसून माझा हात धरून आहे, कॉम्प्युटरवर मला एका हाताने टाइप करावं लागतंय.
वेबसाइटवर ‘आम्हाला लिहा’ अशी चौकट आहे. तिथे स्पष्ट विचारलं: पालथे केल्यावर तुम्ही पत्ते हलवता की नाही? पाठवलं. लगेच उत्तर उमटलं: ‘संदेश मिळाला. आपले आतापर्यंतचे संदेश: अकरा.’
मी आज पहिलाच पाठवला. यावरूनच कळतं, यांचा कारभार कसा आहे ते. चिमणीला म्हटलं, बघ, अकरा म्हणे! तिने हात तेवढा घट्ट धरला.
म्हणून पुन्हा लिहिलं: हलवत असाल तर रागावणार नाही. फक्त हो म्हणा. उद्या सोमवार आहे. कृपा करून लवकर कळवा.