दोन चौकोन आणि एक बाण

प्रिय चिमणे,

काल फोनवर तू एका दमात सगळं सांगून टाकलंस. टेकडीवरच्या डेटा-केंद्रातली माझी जुनी यंत्रं शुक्रवारी कायमची पुसणार, नदीपलीकडच्या केंद्रातलीही पुसणार, आणि दोन्हीकडे नवी जोडी तूच लावणार. मग आवाज बारीक करून म्हणालीस, "बाबा, यादीत ‘आई’ नावाचा फोल्डर दिसलाय. शुक्रवारी परवानगी मिळाली की आधी तोच उघडते." मी "बरं" म्हणालो. एवढंच. तेव्हापासून चहा तीनदा गार झालाय.

त्या टेकडीवर मी सव्वीस वर्षं काढली. खिडकी नाही, ऋतू नाहीत. बारा महिने तीच थंडी आणि तीच घूं-घूं, जणू शेकडो मधमाश्या पाढे पाठ करताहेत. मला त्यात कवितेची चाल ऐकू यायची. सोबतचे चिडवायचे, "कविराज, यमक राहू दे, यंत्र बघा!" काम तसं साधं होतं. इथं साठेल त्याची नक्कल पलीकडे पाठवायची, म्हणजे इथं आग लागली किंवा तिथं पाणी शिरलं तरी एक प्रत शाबूत. पण आमचा एक शिरस्ता होता: परत आणून पाहिल्याशिवाय नक्कल खरी मानायची नाही. म्हणून दर महिन्याला चाचणीची एक फाइल पलीकडून मागवायची आणि उघडून बघायची. बाकीचे त्यासाठी काहीबाही आकडे ठेवत. मी तुझ्या आईचा आवाज ठेवला.

तू तेव्हा सहा वर्षांची. आई मटार सोलता सोलता शाळेच्या पुस्तकातली ढगांची कविता म्हणत होती आणि मी गुपचूप रेकॉर्डर लावला. पुढं दर महिन्याला ती नदी ओलांडून माझ्या कानात यायची, मटाराच्या टपटपीसकट. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "दोन-दोन ठिकाणी जपून ठेवलंत मला, आणि भाजी निवडायला मात्र एकटीच!" आम्ही पुन्हा कधी रेकॉर्ड केलं नाही. दोन प्रती असताना आणखी कशाला?

मग एका दुपारी टेकडीवर नवं यंत्र आलं. अशा वेळी जुन्यातलं नव्यात उतरवताना पडद्यावर दोन चौकोन दिसतात, एक भरलेला, एक रिकामा, आणि मधे एक बाण. बाणाचं टोक रिकाम्याकडे हवं. मी तीच कविता गुणगुणत होतो, चिमणे, आणि टोक भरलेल्याकडे ठेवून बटण दाबलं. यंत्र बिचारं आज्ञाधारक. त्यानं रिकामेपणाची हुबेहूब नक्कल केली आणि वेळापत्रकाप्रमाणे तीही पलीकडे पाठवली. ऑफिसचं सगळं कपाटात वेगळ्या जपलेल्या फितींवरून परत आलं. माझी फाइल खासगी, तिला फितीवर जागा नव्हती. नाव तरी राहावं म्हणून मी तो फोल्डर पुन्हा तयार केला, आणि कुणालाच काही बोललो नाही.

शेवटच्या आजारात तिचा आवाज बसला तेव्हा तिनं खुणेनं कागद मागितला आणि लिहिलं, "आणा की एकदा, माझा जुना आवाज." मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात आणतो." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी घालून उशीखाली ठेवली. नंतर विचारलं नाही. तिला कळलं असावं. घडी अजून माझ्याकडे आहे.

तर शुक्रवारी तो फोल्डर उघडू नकोस. तो रिकामा आहे आणि तो माझ्या हातानं रिकामा झालाय. हे तुला पडद्यानं सांगण्याआधी मी सांगायला हवं होतं, म्हणून हे पत्र. रागाव, तुझा हक्क आहे. पण माझ्या कानात जी प्रत उरली आहे, ती लिहून देतो. आधी खुर्ची सरकते. मग ती घसा साफ करते आणि म्हणते, "ढगांनो रे, हळू उतरा, निजली आहे वाट." इथं एक मटार निसटून घरंगळतो. मग, "तिच्या उशाशी ठेवुन जा रे…" आणि ती अडते. तेवढ्यात दाराआडून तू एक शब्द ओरडतेस, आणि ती इतकी हसते, इतकी हसते, की "पहाट" म्हणायचंच राहून जातं. पुस्तकातला शब्द "कोवळी" होता, तो मला येतो. तू मात्र भलताच शब्द ओरडली होतीस. कितीही आठवलं तरी तो मला सापडत नाही. तेवढा तुकडा पलीकडच्या केंद्रात असावा, म्हणजे तुझ्याकडे. सापडला तर फोन कर. काही बोलू नकोस, नुसता तो शब्द म्हण.

तुझाच,
फोनशी कान लावून बसलेला,
बाबा