तीन सारखे खण आणि बँडचे तेहेतीस कोट

आदरणीय दादा यांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार घ्यावा. वाकून केला आहे असं समजा. प्रत्यक्षात वाकवत नाही, कारण गेले पाच दिवस मी लोकांच्या कमरेभोवती टेप गुंडाळत फिरतो आहे. ते का, हे पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा कोरडा खोकला थांबला का? (थांबला नसेल तर तुम्ही सुचवलेलं औषध त्यांनी बंद करून पाहावं. तुमच्या सूचनांबद्दल माझं मत अलीकडे बदललं आहे.) इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे तुमच्या बहिणीला अजून काही कळलेलं नाही आणि ते कळेपर्यंतच ठीक आहे. फोन केला असता, पण टपाल खात्यात अडतीस वर्षं काढलेल्या माणसाशी कामाचं बोलायचं ते कागदावर, ही तुमची अट घरात सगळ्यांना पाठ आहे.

मागल्या महिन्यात तुम्ही बँडच्या तालमीसाठी आला होतात तेव्हा आमच्या मधल्या खोलीतल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवरून चाललेला तंटा तुम्ही ऐकलात. तुमची बहीण बारा वर्षं ज्या प्रोग्रॅमवर कपड्यांचे आराखडे काढते तो फक्त जुन्या विंडोजवर चालतो. मी ज्या प्रयोगशाळेसाठी दातांच्या कवळ्या करतो त्यांनी कळवलं की यापुढे जबड्यांची चित्रं नव्या विंडोजशिवाय उघडणार नाहीत. आणि आमच्या कन्येला कॉलेजच्या अभ्यासासाठी लिनक्स पाहिजे होतं. शहाण्या माणसाने निमूटपणे दुसरं यंत्र आणलं असतं. पण तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, त्यात काय एवढं, पत्रं वाटायच्या कपाटाला असतात तसे डिस्कला तीन खण पाडा, एकेका खणात एकेक सिस्टीम घाला आणि यंत्र सुरू करताना ज्याला जी हवी ती त्याने निवडावी. मग दारात चपला घालता घालता आणखी एक वाक्य टाकलंत: खण तिन्ही अगदी सारखे करा, म्हणजे घरात भांडण नको. दादा, सगळं रामायण या वाक्याने घडवलं. तुम्ही मात्र पावणेसहाची बस पकडून मोकळे झालात.

मी काही या विद्येतला माणूस नव्हे. मला जबडा कळतो, आणि जबडा समोर ठेवलेला असतो, गप्प असतो आणि तुमची खात्री आहे का, असं तो दर दोन मिनिटांनी विचारत नाही. तरी पुस्तिका वाचून मी डिस्कचे तीन सारखे भाग केले, दुसऱ्यात नवी विंडोज घातली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं, तर जुनी कुठे दिसेचना. तुमची बहीण गळ्यात टेप अडकवून मागे उभी होती. काही बोलली नाही. (ती बोलत नाही तेव्हा काय होतं ते तुम्ही लहानपणापासून जाणता, मी सव्वीस वर्षांपासून जाणतो.) शनिवारी कन्या वसतिगृहातून आली, तिने तिसऱ्या खणात लिनक्स घातलं आणि जुनीलाही शोधून आणलं. तेव्हापासून यंत्र सुरू केलं की काळ्या पडद्यावर तीन नावं येतात आणि दहा सेकंदांत कुणी निवड केली नाही तर सगळ्यात वरचं नाव आपोआप सुरू होतं.

आता वरचं नाव कुणाचं, यावर आमच्याकडे आठवडाभर जेवणं गार झाली. तुमच्या बहिणीचं म्हणणं ज्येष्ठता तिची. माझं म्हणणं नियमित काम माझं. पण यंत्राच्या कुलपाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, कन्येकडे, तेव्हा तिने स्वतःला वर बसवलं, मला मधे आणि आईला तळाशी, आणि निघून गेली वसतिगृहात. त्यामुळे घरात नसलेल्या मुलीची सिस्टीम रोज सकाळी सुरू होई, कारण मी बटण दाबून चष्मा शोधेपर्यंत दहा सेकंद उलटलेले असत. बंद करा, पुन्हा चालू करा, तेवढ्यात दारावर दूधवाला. एकदा तर एका कवळीसाठी पाच वेळा चालू-बंद केलं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण एका चुलीवर तिघांची तीन पातेली ठेवायचा उद्योग आम्हीच केला.

हेही निभावलं असतं. पण गेल्या सोमवारी कन्येचा निरोप आला, की काल घरी आले होते तेव्हा काहीतरी करताना माझं लिनक्स बिघडलं, माझा खण पुसून तुम्हीच ते नव्याने घालून ठेवा, बाबा, सोपं आहे. मी बसलो. यंत्राने डिस्कमधल्या खणांची यादी दाखवली. दादा, त्या यादीत नावं नव्हती. नुसती मापं होती, आणि तिन्ही मापं सारखी, कारण घरात भांडण नको होतं ना. मी विचार केला, सुरुवातीच्या पडद्यावर कन्या पहिली असते, तेव्हा इथेही पहिली तीच. पहिली ओळ निवडली. यंत्राने विचारलं, सगळं पुसलं जाईल, खात्री आहे? मी हो म्हटलं. पण यादीत पहिली होती ती बारा वर्षांपासून तिथे राहणारी, तुमची बहीण.

आणि तिच्यासोबत बँडच्या तेहेतीस कोटांची मापं. (प्रत काढून ठेवली नव्हती का, असं विचाराल. ठेवली होती. त्याच खणात.) आयुष्यभर लोकांच्या पँटी आखूड करून आणि शाळेचे गणवेश शिवून तिला हे पहिलं मोठं काम मिळालं आहे. तुमच्या निवृत्त टपालवाल्यांच्या बँडने तिच्यावर विश्वास टाकला आहे, आणि आणखी दहा दिवसांनी ती कापड कापायला घेणार आहे. कापड खिडकीजवळ रचून ठेवलंय, गडद निळं, आणि जाता-येता ती त्यावरून हात फिरवते. ते पाहिलं की मला माझ्याच घरात चोरासारखं वाटतं. सांगायला तीनदा तोंड उघडलं. तीनदा काय भाजी आणू एवढंच विचारलं. यंत्राचं काम चाललंय, पुढल्या शनिवारपर्यंत हात लावू नकोस, असं सांगून मी तिच्या डब्यातला जुना टेप उचलला आणि तालमीच्या हॉलवर गेलो.

मापं पुन्हा तपासायची आहेत असं सांगितलं. तुमच्या लोकांनी सहकार्य केलं, पण माणसाचं शरीर हा भयंकर प्रकार आहे. कवळीत अर्धा मिलिमीटर चुकला तर माझी झोप उडते, आणि इथे माणूस नुसता हसला तरी दोन इंच फरक. पहिल्या दिवशी अकरा जणांच्या छात्या मोजून घामाघूम झालो, तेव्हा ट्रम्पेटवाल्यांनी शांतपणे विचारलं की तुम्ही श्वास सोडलेल्या छातीचं माप का घेताय. वाजवणाऱ्याचा कोट श्वास भरून मोजायचा असतो, नाहीतर पहिल्याच गाण्यात बटणं प्रेक्षकांत जातात. तुमच्या बहिणीने तसंच घेतलं होतं, असंही म्हणाले. अकराच्या अकरा पुन्हा मोजले. सगळ्यात मोठं पितळी वाद्य वाजवणाऱ्या पार्सलवाल्यांना टेप पुरेना, तेव्हा ते मोजताना मधे बोट धरून उभे राहिले. सनईसारखं ते काळं वाद्य वाजवणाऱ्या बाईंनी मला हातच लावू दिला नाही, घरून चिठ्ठीवर मापं लिहून आणली. उरलेले तिघं तालमीला येत नव्हते म्हणून त्यांच्या घरी गेलो. एकजण आंघोळीहून आलेले, तसेच टॉवेलवर मोजले. रात्री कवळ्या, दिवसा कंबरा. नाकी नऊ आले, दादा. आणि या सगळ्यात पहिल्यांदाच कळलं की बाही ही सरळ नळी नसते. सव्वीस वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून बाह्या जोडते आहे आणि मी पेपर वाचतो आहे. मला स्वतःची फार लाज वाटली.

असो. लिहायला घेतलं ते केवळ खुशाली कळवावी म्हणून. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बँडमध्ये हल्ली ज्याला ‘कवळीवाले’ म्हणतात तो

ता. क. : ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तेहेतिसांपैकी बत्तीस मापं झाली. तेहेतिसावे तुम्ही. मोठ्या ड्रमवाल्याचं माप उलट टपाली पाठवा: छाती (श्वास भरून), खांदा, बाही, आणि कंबर. कंबर खरी. तरुणपणची नको.

ता. क. २ : तुमच्या बहिणीला यातलं अक्षरही कळता कामा नये. काम संपलं की मीच सांगेन. निदान तसं आज ठरवलं आहे.

दादा, हे माझं अक्षर. यांना पाकिटासाठी डिंक सापडत नाहीये, कारण तो माझ्याजवळ आहे. मला सोमवारी रात्रीच कळलं होतं, यांनी घाबरून लेकीला विचारलं आणि लेकीने मला फोन केला. मापं सगळी माझ्या वहीत आहेत, कॉम्प्युटरवर नुसते आराखडे होते, ते मी हाताने कागदावर पुन्हा काढलेसुद्धा. रोज रात्री यांच्या खिशातली मापं वहीशी ताडून बघते. नऊ कोट यांच्या मापाने कापणार आहे, कारण माझ्यासमोर लोक पोट आत ओढतात, यांच्यासमोर कुणी ओढत नाही. तुझी कंबर मात्र खरंच पाठव, मागे पत्रातून कळवलीस ती मी एक दिवसही खरी मानली नाही. आणि वहीचं यांना कळवू नकोस. काल जेवताना यांनी मला विचारलं, खांद्याशी बाही बसवताना चुणी पडू नये म्हणून काय करतेस. मी पाऊण तास सांगत होते, दादा. हे ऐकत होते.