बंद दाराच्या बिजागऱ्या

मी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा कुलूपं-किल्ल्यांचा (आता बंद), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट वकीलबाई मला आवरायलाच शेजारी बसल्या आहेत. डॉक्टर फार तर वर्षभर म्हणतात आणि 'सात मनोरे' या व्हिडिओ-खेळाचा पाचवा भाग तोवर येईल असं दिसत नाही. मरण्याबद्दल माझी तक्रार एवढीच आहे.

कलम १. राहतं घर आणि बँकेत असेल ते माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. खेळाचं यंत्र तिनेच आणून दिलं. म्हणाली, "आत्या, दुकान बंद केलंस ना, मग आता खोटी कुलूपं उघड." चारही भाग मी आणि धाकट्याने मिळून संपवले. बटणं माझ्या हातात, नकाशे त्याच्या वहीत. तो सुतार आहे, त्याच्या रेघा सरळ येतात.

कलम २. किल्ल्या कापायचं मशीन समोरच्या सायकलवाल्याला. माझी शिडी त्याने नेली ती नेलीच. मशीन न्यायला येताना ती घेऊन यावी.

कलम ३. चाहत्यांच्या ग्रुपवर 'राखाडी घुबड' नावाने लिहिणाऱ्या इसमाला काहीही देऊ नये. कुठलाही प्रश्न विचारा, त्याचं उत्तर ड्रॅगन.

कलम ४. हे कलम वकीलबाईंना गाळायचं होतं.

चौथ्या भागाच्या शेवटी राणी नाहीशी होते. पाचव्याचं म्हणून कंपनीने एकच चित्र दाखवलं: बंद दार, कुलपात किल्ली, फटीतून उजेड. आत कोण, यावर ग्रुपवर नुसता धुमाकूळ. राणी, तिची जुळी बहीण, घुबडाचा ड्रॅगन. मी आठवडाभर किल्लीचे दात मोजत बसले. धाकटा चहा पिता पिता म्हणाला, "ताई, बिजागऱ्या बघ. आपल्या बाजूला दिसतायत, म्हणजे दार आपल्याकडे उघडतं. खोलीचं दार खोलीत उघडतं. सगळे विचारतायत आत कोण, पण आत तर आपणच आहोत, राणी होऊन. किल्लीही आतूनच लावलेली."

मी म्हटलं, "तू नकाशे काढ."

आणि दुसऱ्या दिवशी तेच ग्रुपवर लिहिलं, माझ्या नावावर. परदेशातली माणसंसुद्धा मला 'बिजागरीवाली मावशी' म्हणू लागली. मी हुरळले. धाकट्याने ते वाचलं, वही टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाला, "बिजागऱ्या माझ्या होत्या, ताई." याला तीन वर्षं झाली. तो आलेला नाही, मी बोलावलेलं नाही. मला याची लाज वाटते, आणि ती वाटते हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

तरी लिहून ठेवते: बिजागऱ्यांचा शोध सर्वस्वी माझ्या धाकट्या भावाचा आहे. ग्रुपवर आज सकाळी तसं जाहीर केलं आहे. घुबडाने लिहिलं, 'तरीही ड्रॅगनच.'

नकाशांची वही, यंत्र आणि दोन्ही खुर्च्या धाकट्याला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असं वकीलबाई सांगतात, म्हणून त्याची सही खाली मुद्दाम घेतलेली नाही. पाचवा भाग आला की बटणं त्याने हातात घ्यावीत आणि खेळताना मोठ्याने बोलावं, पूर्वी बोलायचा तसं. राणीने स्वतःला कोंडून का घेतलं, हे मला अजून कळलेलं नाही. कोणाला तरी वाचवायला? की नुसतीच रुसून? कळलं तर माझ्या रिकाम्या खुर्चीला सांगावं.

कलम ५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. "तशीच पद्धत आहे, मावशी," असं वकीलबाई म्हणाल्या. मला इतका धीर नाही. याची एक प्रत भाची आत्ताच धाकट्याकडे घेऊन निघाली आहे. आम्हा दोघांच्या मधलं दार मीच लावून बसले होते आणि किल्लीही माझ्याच बाजूला होती, हे मला चित्र तीन वर्षं बघूनही दिसलं नाही.

साक्षीदार:
१. शेजारच्या शिंपीणबाई (सही)
२. घरचे डॉक्टर (सही)

लिहून देणार: ताई (सही)

दिनांक: २१ ऑगस्ट. पाचव्या भागाची तारीख अजून जाहीर नाही.
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली. चहाचं आधण ठेवलं आहे, दाराची कडी काढली आहे.